शालन आत्याची साक्ष

“डोळे मीट,” मी म्हणाले, तर शालन आत्यानं एकच डोळा मिटला.

“दोन्ही मीट गं.”

“दुसरा दुधावर हाय.”

मी उठून गॅस बंद केला. मग तिनं दुसराही मिटला, पण चेहरा असा आक्रसून, की बघणाऱ्याला वाटावं, मी हिच्या डोळ्यांत औषध घालणार आहे.

“आता आपल्या नात्यातल्या चंदाच्या साखरपुड्याचा दिवस आठव. तू मांडवात शिरतेयस. काय दिसतंय? वास कसला येतोय? घाई करू नको. बारीकसारीक जे येईल ते सांग.”

“भज्यांचा वास. तेल जुनं हुतं.”

“छान. अजून?”

“चंदाच्या सासूनं आपल्याला बघून न बघितल्यागत केलं.”

“हे तुला दिसलं, की वाटलं?”

आत्यानं खाडकन डोळे उघडले. “हर्षे, माणसाच्या तोंडाकडं बघून मला कळत न्हाई व्हय? बिनतिकिटाचा माणूस मी पाठमोरा ओळखतो.”

‘ओळखतो’च म्हणाली ती. आत्या पक्की कोल्हापूरची. तिकडच्या कितीतरी बायका अजूनही ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात, आणि आत्याच्या तोंडी तर ते फारच शोभायचं. ती एसटीत कंडक्टर होती. लग्न दोन वर्षांत मोडलं, त्यावर ती “जमलं न्हाई” एवढंच बोलायची. त्यानंतर दोन खोल्यांची जागा तिनं स्वतःच्या हिमतीवर घेतली होती आणि मी एम.ए.साठी कोल्हापुरात आले तेव्हा त्यातली एक खोली न विचारता माझ्यासाठी रिकामी करून टाकली होती.

माझा विषय न्यायसहायक मानसशास्त्र. गावाकडं हे नाव सांगितलं की लोक आधी विचारत, “म्हणजे वेड्यांचं?” आणि मग, “म्हणजे पोलिसात लागणार?” वडिलांनी तर त्याला सरळ ‘चोरांचा अभ्यास’ म्हणून टाकलं होतं. “आमची हर्षदा चोरांचा अभ्यास करते,” असं ते पाहुण्यांना सांगत आणि पाहुणे माझ्याकडं जरा जपूनच बघत.

आम्हाला तो विषय शिकवायला डॉ. मुल्ला होते. बुटके, हळू बोलणारे, खिशात कायम बडीशेप. पहिल्याच आठवड्यात ते फळ्यावर काहीतरी लिहीत असताना एक बाई वर्गात शिरली, सरांशी तावातावानं भांडली, टेबलावरची वस्तू उचलली आणि तरातरा निघून गेली. आम्ही सगळे आ वासून बसलेलो. सर वळले, तोंडात बडीशेप टाकली आणि म्हणाले, “आता त्या बाईचं वर्णन लिहा.” ती बाई त्यांच्या बायकोची मैत्रीण होती आणि सगळं आधीच ठरलेलं होतं. कुणी साडी लिहिली, कुणी पंजाबी ड्रेस, कुणी तिला चष्मा लावला. बाईला मिशी नव्हती, एवढ्या एकाच गोष्टीवर वर्गाचं एकमत झालं. मी अगदी ठामपणे लिहिलं होतं, की तिनं काळी छत्री उचलली. ते गुंडाळलेलं कॅलेंडर होतं.

“आठवण म्हणजे फ्रीजमध्ये ठेवलेली भाजी नव्हे,” सर म्हणाले, “की काढली आणि वाढली. ती दर वेळी नव्यानं फोडणीला पडते. आणि फोडणी घालणाऱ्याला वाटतं, ही कालचीच आहे.”

हे झालं शास्त्र. प्रात्यक्षिक असं होतं, की घरातल्या कुणाची तरी मुलाखत घ्यायची आणि एखादा साधा, निरुपद्रवी प्रसंग त्यांना नीट आठवायला लावायचा. डोळे मिटून, वास-आवाजांपासून सुरुवात करून, मध्ये न बोलता. आणि शेवटी तोच प्रसंग उलटा, शेवटाकडून सुरुवातीकडं. सरळ सांगताना माणूस गोष्ट सांगतो, नसलेले दुवे जुळवून घेतो. उलटं सांगताना त्याला ते जमत नाही, म्हणून. सरांनी एक मात्र बजावलं होतं. “खऱ्या गुन्ह्याला हात लावायचा नाही. घरात कुणी साक्षीदार असेल तर मुळीच नाही. शिकाऊ डॉक्टर घरच्यांचं अपेंडिक्स काढत नसतो.”

हे ऐकताना मी मान खाली घातली होती, कारण आमच्या घरात तेव्हा साक्षीदार होती. कोल्हापुरातली सगळ्यात प्रसिद्ध साक्षीदार.

झालं होतं असं. आत्या सकाळच्या ड्यूटीला डेपोकडं चालत निघाली होती. एका शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीजवळ तिच्या गळ्यातली चेन कुणीतरी हिसकली. ती पडली, गुडघा फुटला, लोक गोळा झाले. चोर पळाला. दोन दिवसांनी पोलिसांनी तिला ठाण्यात बोलावून काही फोटो दाखवले आणि तिनं त्यातल्या एकावर बोट ठेवलं. “ह्योच.” फोटो आनंदा पोवार नावाच्या माणसाचा होता. रंगारी होता तो, तिशीतला, आणि पूर्वी कधीतरी मारामारीत सापडल्यामुळं त्याचा फोटो पोलिसांकडं होता. त्या दिवशी तो त्याच शाळेची भिंत रंगवत होता आणि चार लोकांनी त्याला तिथून पळताना पाहिलं होतं. चेन काही मिळाली नाही, पण माणूस मिळाला. त्याला आत टाकलं.

डेपोनं आत्याचा सत्कार केला. शाल, नारळ, डेपो मॅनेजरांचं भाषण. सायंकाळच्या एका स्थानिक पेपरात ‘महिला वाहकानं चोराला पकडून दिलं’ म्हणून तिचा फोटो आला. बसमध्ये लोक तिला ओळखू लागले. आत्यानं ती शाल घडी न घालता खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवली होती, म्हणजे येणारा-जाणारा विचारणार आणि ती सांगणार. ती सांगायचीही झकास: “समोरनं आला. डोळ्यांत डोळे घातले माझ्या. मी म्हटलं, ह्याचं लक्षण काय बरं न्हाई. तवर गळ्याला हिसका! मी पडलो, पण तोंड इसरलो न्हाई.” शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून ऐकायच्या. दर खेपेला त्या चोराचे डोळे जरा जास्त लाल होत गेले.

तर साखरपुड्याच्या भज्यांवर आत्या वैतागली. “असलं काय विचारतीस? माझ्या चेनीचं इचार की. मी असं सांगतो, तुझ्या सरानं उभं राहून ऐकलं पायजे.”

“ते नाही चालत.”

“का?”

“सरांनी नको म्हटलंय.”

“मग सराला कळत न्हाई,” ती म्हणाली, पण बिचारीनं पुन्हा डोळे मिटले. आम्ही साखरपुडा सरळ आठवला, मग उलटा आठवला. उलटा आठवताना तिला मजा यायला लागली. बसमधून उतरणं आधी, मग मांडवातून निघणं, मग पंगत, मग भजी. आणि मध्येच ती थांबली.

“हर्षे, आपण मांडवात शिरलो तवा चंदाची सासू तिथं नव्हतीच की. ती मागनं आली, फुलं घिऊन. मग बघून न बघितल्यागत कवा करंल?”

“मला काय माहीत?” मी म्हणाले. “मी फक्त ऐकतेय.”

आत्यानं दुधावरची साय चमच्यानं बाजूला केली. “मी उगं शिव्या दिल्या तिला,” ती म्हणाली, आणि मग हसत सुटली. मला वाटलं, प्रात्यक्षिक उत्तम झालं. मी खूश होऊन माझं टिपण लिहायला बसले.

त्यानंतर तीन-चार दिवस असे गेले, की आत्याला उलटं आठवायचा नादच लागला. सकाळी चपात्या लाटताना ती कालच्या शेवटच्या फेरीपासून पहिल्या फेरीपर्यंत सगळं उलटं लावून बघायची. “गारगोटीच्या फेरीला दाढीवाला कुठं उतरला, सांगू?” म्हणायची. मी कानाडोळा केला.

मग एका सकाळी ती बाथरूममधून केस तसेच ओले घेऊन बाहेर आली आणि माझ्या अंथरुणाशी उभी राहिली.

“हर्षे, ऊठ.”

“काय झालं?”

“मी आत्ता आंघोळ करता करता चेनीचं उलटं लावलं.”

मी ताडकन उठून बसले. “आत्या, ते करायचं नव्हतं.”

“तू न्हाई केलंस. मीच केलं. मला कोण नको म्हणणार?” ती पलंगाच्या कडेवर टेकली. “ऐक. शेवटी मी रिक्षात बसलो. त्याच्या आधी एका बाईनं पाणी दिलं. त्याच्या आधी कुणीतरी माझ्या कोपराला धरून वर उचलत हुतं. ‘मावशी, उठा’ म्हणाला. तोंड माझ्या तोंडाजवळ आलेलं. रंगाचा वास. ते टर्पेंटाइन असतंय बघ, त्याचा. त्याच्या आधी मी जमिनीवर. त्याच्या आधी हिसका.”

ती थांबली. मी काहीही बोलले नाही. बोलायचं नाही, हेच तर शिकले होते.

“हिसका मागनं बसला, हर्षे. मानेला मागनं. आणि ते तोंड पुढनं. आणि ते नंतर हाय. आधी न्हाई.” तिनं आपल्या कोपराला हात लावला, जणू तिथं अजून कुणाचा तरी हात होता. “उचलणारा हात हुता तो. ओढणारा न्हवं.”

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. आत्या म्हणाली, “तू काय म्हणतीस?”

“मी काही म्हणू शकत नाही.”

“मग शिकतीस कशाला?” ती उखडली, उठली, आणि त्या दिवशी कामावर न जेवता गेली.

मी धावत विद्यापीठात गेले. डॉ. मुल्लांच्या खोलीत एक विद्यार्थी बसला होता, त्याला त्यांनी बाहेर पाठवलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं. फोटो आधी दाखवले होते हे ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

“असं होतं,” ते म्हणाले. “चेहरा खरा असतो, जागा खरी असते, वेळ खरी असते. फक्त त्या चेहऱ्याला चुकीचं काम दिलं जातं. घाबरलेल्या माणसाला एकच चेहरा लक्षात राहतो, आणि मग ज्याचा चेहरा राहिला तोच चोर. पण हे पुस्तकात आहे, हर्षदा. तुमच्या आत्याच्या बाबतीत हेच झालं, असं मला या खुर्चीतून सांगता येणार नाही. आत्ताचं आठवलेलंही चुकीचं असू शकतं.”

“मग मी काय करू?”

“काही करू नका. त्यांना हा सिद्धांत सांगू नका, हो म्हणू नका, नाही म्हणू नका. साक्ष त्यांची आहे. पण त्यांना जे आठवलं ते त्यांनी स्वतः जाऊन पोलिसांना सांगितलं पाहिजे, आणि लवकर. ओळख परेड कधी आहे?”

“शुक्रवारी.”

“मग आजच.” मी निघाले तेव्हा त्यांनी हाक मारली. “आणि हे बघा, हे अवघड आहे. चूक कळणं अवघड नसतं. शाल परत करणं अवघड असतं.” मी सत्काराचं त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी पेपर वाचला होता.

संध्याकाळी आत्या ड्यूटीवरून आली तेव्हा मी तिला एवढंच म्हणाले, की तुला जे आठवलं ते फौजदारांना सांगायला हवं. मला वाटलं, भांडेल. तिनं फक्त पिशवी ठेवली, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाली, “चल.”

फौजदार तरुण होते आणि वागायला वाईट नव्हते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. आत्यानं सकाळचं सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते ऐकता ऐकता हसू लागले.

“मावशी, तो पण हेच म्हणतोय. पहिल्या दिवसापासून. ‘मी म्हातारीला उठवलं आणि चोराच्या मागं पळालो. तो कोपऱ्यावर मोटरसायकलवर बसून गेला.’ सगळे असंच सांगतात हो. आत आल्यावर प्रत्येकानं कुणाला तरी उठवलेलं असतं.”

आत्याच्या हातातला कप तसाच राहिला. ‘म्हातारी’ या शब्दावर एरवी तिनं ठाणं डोक्यावर घेतलं असतं.

“तो बी हेच म्हणतोय?”

“म्हणणारच. आता परेडच्या तोंडावर तुम्ही गोंधळ घालू नका. चार जणांनी त्याला पळताना बघितलंय. तुम्ही शुक्रवारी या, शांतपणे बघा, ओळखा. बाकी आमच्यावर सोडा.”

“माझं हे लिहून घ्या,” आत्या म्हणाली.

“घेतो की. परेड झाल्यावर घेतो.”

घरी आल्यावर तासाभरात वडिलांचा फोन आला. बातमी गावाला कशी पोचली देव जाणे. मी स्पीकरवर टाकला, कारण ते इतके जोरात बोलत होते की तसंही शेजारी ऐकत होते.

“अगं शालन, पोरीच्या परीक्षेपायी चोर सोडतीस व्हय? आठ दिवस गावभर सांगितलंय, आमच्या बहिणीनं पकडला म्हणून! आणि उद्या तोच चोर खरा निघाला तर? लोक काय म्हणतील?”

“काय म्हणतील?” आत्यानं विचारलं.

“म्हणतील, बाईला काय कळतंय!”

“ते आत्ता बी म्हणत्यात,” ती म्हणाली आणि फोन माझ्या हातातून घेऊन बंद केला. नंतर खुर्चीवरची शाल तिनं नीट घडी घालून कपाटात ठेवली. त्या वेळी मला वाटलं, हिचं ठरलं. पण जेवताना ती अचानक म्हणाली, “आणि समज, हे नवीनच खोटं असलं तर? चंदाच्या सासूसारखं काय तरी मी जुळवून घेतलं असलं तर? मग खरा चोर माझ्यामुळं सुटला.”

यावर माझ्याकडं पानंच्या पानं होती. मी तिला भात वाढला.

शुक्रवारी मी तिच्याबरोबर कारागृहापर्यंत गेले. परेड नायब तहसीलदार घेतात, तिथं पोलिसही थांबत नाहीत, मग माझी काय कथा. मी बाहेर एका झाडाखाली थांबले. तिथं उसाच्या रसाचा गाडा होता, रसवाला घुंगरू वाजवत होता आणि कैद्यांना भेटायला आलेल्या बायका डबे घेऊन रांगेत उभ्या होत्या. मी एक ग्लास रस घेतला आणि तो तसाच हातात धरून उभी राहिले. आत आत्या एकटी होती. मी दीड वर्ष जे शिकत होते, त्यातलं सगळं आत चाललं होतं आणि मला त्यातलं काहीच दिसत नव्हतं.

आत काय झालं ते तिनं मला रसाच्या गाड्यापाशीच सांगितलं. सांगताना तिला धाप लागली होती, जशी काही पळत आली होती.

एका ओळीत सात-आठ माणसं उभी होती, सगळी साधारण एकाच बांध्याची, सगळ्यांच्या अंगात सारखे शर्ट. तहसीलदार म्हणाले, तुमची चेन ओढणारा यात असेल तर त्याच्या खांद्याला हात लावा. आत्या ओळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं गेली. मग परत आली आणि एका माणसापुढं थांबली.

“त्यानं डोळे मिटले, हर्षे,” ती मला म्हणाली. “माझ्याकडं बघून त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले.”

“मग?”

“मग मी म्हटलं, साहेब, माझी चेन कुणी ओढली ते मी बघितलं न्हाई. मागनं ओढली. पण ह्या माणसाला मी ओळखतो. ह्यानं मला उठवलं.”

“तहसीलदार काय म्हणाले?”

“म्हणाले, तेवढंच लिहितो. मी म्हटलं, तेवढंच ल्हिवा.” तिनं माझ्या हातातला ग्लास घेतला आणि एका दमात संपवला.

आनंदा पोवार लगेच सुटला नाही, कागदपत्रं आपल्या वेगानं फिरतात. पण आत्याच्या जबाबानंतर त्याच्या वकिलाला काहीतरी हाताशी आलं, त्या चार साक्षीदारांतल्या दोघांनी कबूल केलं की पळणारा माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी मागं पळत असल्यासारखा वाटला होता, आणि पुढच्या आठवड्यात त्याला जामीन मिळाला. नंतर त्याचं नाव खटल्यातून गेलं. डेपोत मात्र आत्याचा रुबाब एका दिवसात उतरला. “चोराला ओळखणारी बाई” आता “चोराला सोडवणारी बाई” झाली. तिच्या गाडीत एक टवाळ रोज ओरडायचा, “बाई, तिकीट काढलंय, ओळखा बघू!” ती पुढच्या माणसाचं तिकीट फाडायची.

आनंदा जामिनावर सुटला त्या रविवारी तिनं सकाळीच साडी बदलली.

“कुठं?”

“त्याच्या घरला.”

“आत्या, ते लोक तुला...”

“काय करतील? बोलतील. बोलू देत.”

त्याची गल्ली गावाच्या बाहेरच्या बाजूला होती. दोन्हीकडं बैठी घरं, मध्ये नळ. आम्ही घर विचारलं तेव्हा सांगणाऱ्या बाईनं हातानं दाखवलं, तोंडानं नाही. दार त्याच्या बायकोनं उघडलं. सुवर्णा तिचं नाव. ती आत्याला ओळखत होती, पेपरातल्या फोटोवरून.

आनंदा आत भिंतीला टेकून बसला होता. गाल आत गेलेले, दाढी वाढलेली. आत्या उंबऱ्याशीच उभी राहिली. तिनं येताना बसमध्ये काहीतरी मनाशी जुळवलं होतं, ओठ हलत होते ते मी पाहिलं होतं. पण ती तोंड उघडायच्या आत आनंदाच म्हणाला, “मावशी, गुडघा कसा हाय? लई रगत आलं हुतं.”

आत्यानं दाराची चौकट धरली. मी तिला दंडाला धरायला पुढं झाले, तिनं माझा हात झटकला.

“मी चुकलो,” ती म्हणाली. “माझ्यामुळं तू आत गेलास.”

आनंदा खाली बघत राहिला. बोलली ती सुवर्णा, आणि शांतपणे बोलली, ते जास्त लागलं. “आम्हाला घरात येऊन सांगून काय उपयोग? ठेकेदारानं काम दिलं न्हाई त्यांना. नळावर माझा हंडा कुणी पुढं सरकवत न्हाई. पोरीला खेळायला घेत न्हाईत. तुमचा सत्कार झाला तो पेपर ह्या गल्लीत घरोघर वाचलाय. आता ते सुटले ते खरं, पण लोक म्हणत्यात, वकील चांगला मिळाला.”

आत्यानं ऐकून घेतलं. मग ती वळली आणि घरातून बाहेर पडली. मला वाटलं, संपलं, आता ही निघाली. मी तिच्या मागं गेले. पण ती गल्लीच्या मधोमध, नळापाशी जाऊन उभी राहिली. पदर कमरेला खोचला. भरल्या गाडीत शेवटच्या सीटवर झोपलेल्या माणसाला उठवायचा तो आवाज तिनं काढला.

“ऐका हो गल्लीतली माणसं! मी शालन मगदूम! एसटीतली! चेन माझी गेली! आनंदा पोवारनं न्हाई घेतली! तो मला उठवाय आला हुता, आणि चोराच्या मागं पळाला! मी त्याचं तोंड चुकीचं सांगितलं! चूक माझी! त्याची न्हाई! कुणाला ऐकू आलं न्हाई?”

एकेका दारातून डोकी बाहेर आली. कुणीतरी टीव्ही बंद केला. ती नळाच्या पुढच्या बाजूला चालत गेली आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, एक शब्द न गाळता. सुवर्णा दारात येऊन उभी राहिली होती. आनंदा तिच्या मागं.

समोरच्या ओट्यावर एक म्हातारा विडी ओढत बसला होता. त्यानं सगळं ऐकलं, विडी विझवली आणि विचारलं, “मग बाई, चोर कोण हुता?”

आत्या थांबली. सगळी गल्ली तिच्याकडं बघत होती. मी त्या बाईला जन्मापासून ओळखते. बस कुठं बंद पडणार, कोण कुणाशी लग्न करणार, पाहुणा का आला, यातलं काहीही विचारा, तिचं उत्तर तयार असायचं.

“ते मला ठाऊक न्हाई,” ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं मान हलवली, जणू हे उत्तर त्याला पटलं. नळाजवळच्या घरातून एक बाई हंडा घेऊन बाहेर आली, सुवर्णाच्या दारापाशी थांबली आणि म्हणाली, “पाणी जायच्या आत ये गं. तुझा लावती पुढं.”